आईकरिता

घर आणि इस्पितळ यांचा तोल तुम्ही सांभाळता तरी कसा, हा प्रश्न गेल्या सोळा वर्षांत मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर माझे तोंड आता माझ्यावाचूनच देते. हळदीकुंकवाला तो विचारला जातो, महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात विचारला जातो, रेल्वेच्या डब्यात ओळख निघाली की हुबळी यायच्या आत विचारला जातो. एकदा तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर निजलेल्या बाईनेच तो विचारला. पाठीत भुलीचे इंजेक्शन दिलेले, कंबरेखालचे भान हरपलेले, परंतु कुतूहल पूर्ण शाबूत! मी तेव्हा टाके घालीत होते. "होते कसेबसे," असे म्हणून मी पुढचा टाका घातला. तिच्या उशाशी आमचे भूलतज्ज्ञ उभे होते. त्यांनाही दोन मुले आहेत, आणि तेही माझ्याइतक्याच रात्री इस्पितळात काढतात. त्यांना तिने काही विचारले नाही. त्यांना कोणीच विचारीत नाही.

तोल हा शब्द बोलायला सोपा आहे. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच तराजू उभा राहतो: एका पारड्यात घर, दुसऱ्यात नोकरी आणि मधला काटा सरळ. पण तराजू काही हवेत आपोआप लोंबत नाही. आमच्या मल्लेश्वरमच्या बाजारात जुना हातातला तराजू घेऊन बसणारी एक म्हातारी आहे. गिऱ्हाईक पारड्यांकडे पाहते, काट्याकडे तर डोळ्यांत तेल घालून पाहते. वरची दांडी धरून धरून तिचा हात किती भरून आला असेल, इकडे कोणाचे लक्ष जात नाही. मला लिहायचे आहे ते त्या हाताविषयी.

माझे माहेर बेळगावचे. घरात मराठी आणि दारात कानडी, अशी आम्हा बेळगावकरांची बाळपणे जातात, आणि त्याचा फायदा कुठे होईल हे आधी सांगता येत नाही. वैद्यकीचे शिक्षण हुबळीस झाले. पुढे कर्नाटक सरकारच्या सेवेत शिरून बंगळूरच्या एका मोठ्या सरकारी प्रसूतिगृहात मी लागले. कोणत्या, ते सांगत नाही. हा अंक वाचणारे बहुतेक लोक सरकारी नोकर आहेत. वर्तणुकीचे नियम त्यांना मी समजावून द्यायला नकोत. यजमान मिरजेचे, केंद्र सरकारच्या एका खात्यात. माझी कानडी उत्तरेकडची, प्रत्येक वाक्याच्या शेपटाला 'री' लावणारी. ती ऐकून इकडच्या बायका ऐन वेणांतही हसतात, आणि दोन कळांच्या मधले ते हसू किती मोलाचे असते हे त्यांनाही ठाऊक असते आणि मलाही.

बंगळूर हे बाहेरच्या माणसाला उद्यानांचे आणि आता संगणकांचे शहर म्हणून माहीत आहे. मला ते इस्पितळांचे शहर वाटते. १८९८ साली येथे प्लेग शिरला. पुण्याने तो आदल्याच वर्षी भोगला होता. जुन्या पेठांतली दाटी मोकळी व्हावी म्हणून त्या काळात मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या वस्त्या आखून वसवल्या गेल्या. ज्या रुंद रस्त्यांचे आणि घरामागच्या बोळांचे आपण कौतुक करतो, त्यांच्या मुळाशी साथीचे भय आहे. व्हिक्टोरिया इस्पितळाची कोनशिला १८९७ साली बसली आणि १९०० साली ते सुरू झाले. त्याच्याच लगत १९३५ मध्ये स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वाणीविलास इस्पितळ उभे राहिले. म्हैसूरच्या ज्या राजमातेच्या बिरुदावरून त्याला हे नाव मिळाले, ती तरुणपणी विधवा झाली आणि मुलगा वयात येईपर्यंत तिने राज्यही चालवले. तिला मात्र तोल कसा सांभाळता, असे कोणी विचारल्याची नोंद नसावी.

आमच्या शास्त्राला घड्याळ नाही, असे लोक म्हणतात. ते खरे नाही. घड्याळे पुष्कळ आहेत. ती एकमेकांशी जुळत नाहीत, एवढेच. पहिलटकरणीच्या कळांचे एक घड्याळ असते, ते सावकाश चालते आणि मध्येच थबकते. रक्तस्रावाचे दुसरे, ते मिनिटांवर चालते; बाळ झाल्यावर गर्भाशय आकसला नाही, तर सकाळी चालत आलेली धडधाकट बाई दोन तासांत हातची जाऊ शकते. गर्भारपणात रक्तदाब चढून आकडी आलेल्या बाईचे तिसरे. तिला मॅग्नेशियम सल्फेट सुरू केले की दर तासाला तिची लघवी मोजायची, श्वास मोजायचा आणि गुडघ्यावर हलकेच ठोकून पाय उडतो की नाही ते पाहायचे. औषध अंगात जास्त साठले तर आधी गुडघ्याची ती उडी नाहीशी होते, आणि तिथे थांबला नाहीत तर मग श्वास. असे रात्रभर. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर भिंतीवरचे चौथे घड्याळ, ज्यात सकाळचे आठ वाजले की माझी ड्यूटी संपते.

आमच्याकडे प्रत्येक युनिटला आठवड्यातून एक 'अ‍ॅडमिशन डे' असतो. आमचा सोमवार. त्या दिवशी सकाळी आठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत जी जी बाई दाराशी येईल ती आमची. रामनगरहून येते, कोलारहून येते, तुमकूरकडची येते. १०८ ची गाडी फाटकात शिरली की तिच्या आवाजावरून आमच्या आयाबाईंना केस किती अवघड आहे हे कळते, असा त्यांचा दावा आहे. हातात 'तायी कार्ड', बरोबर सासू नाहीतर आई, आणि एक गोंधळलेला नवरा, ज्याला सगळेजण कागद आणायला पिटाळत असतात. मध्यरात्र उलटून गेल्यावर व्हरांड्यात बसलेली एखादी म्हातारी मला थांबवते. मला वाटते, सुनेची चौकशी करील. ती विचारते, "ऊट आय्ता, अम्मा?" जेवलात का, बाई? या शहरात आल्यापासून ज्या एका वाक्याने माझ्या डोळ्यांत पाणी आणले आहे, ते हे.

आठ वाजता ड्यूटी संपते, पण बाई अर्ध्यावर असते. तिच्या कळा कशा आल्या, बाळाचे ठोके कधी मंदावले, ती कशाला घाबरते, हे सारे मी रात्रभर पाहिलेले असते. वहीत ते सगळे उतरत नाही. मग मी पाऊण तास थांबते. पाऊण तासाचे दोन तास होतात. मला थांबायला कोणी सांगत नाही. माझ्यानंतर येणारी डॉक्टर माझ्याइतकीच, किंबहुना माझ्याहून हुशार असते. तरी पाय निघत नाही. घड्याळाप्रमाणे निघून जाणारे सहकारीही मी पाहिले आहेत, आणि ते वाईट डॉक्टर नाहीत, हे येथे सांगितले पाहिजे.

असा सोमवार आटोपून मी मंगळवारी दहा-अकराच्या सुमारास घरी येते तेव्हा दार नाना उघडतात.

नाना म्हणजे माझे सासरे. वय एक्याऐंशी. सारी नोकरी रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, म्हणजे टपाल खात्याच्या त्या शाखेत, जिची कचेरी धावत्या गाडीत असे. रात्री मिरजेला टपालाच्या डब्यात चढायचे, उभ्याने खणाखणांतून पत्रे लावायची, स्टेशनागणिक थैल्या बांधून लाखेची मोहोर करून उतरवायच्या, पहाटे पुण्याला उतरून विश्रांतिगृहात झोपायचे, आणि पुढच्या रात्री तसेच परत. आज टपालाची वर्गवारी धावत्या गाडीत होत नाही; पण नानांचे हात जेवणानंतर ताटाभोवतीची शिते गोळा करतानाही ती गावागावांप्रमाणे लावीत असावेत, असे मला वाटते.

सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी नाना आमच्याकडे आले. मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती, आज ती साडेबारा वर्षांची आहे. आल्या आठवड्यातच त्यांनी माझ्या ड्यूट्या मागून घेतल्या आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर चढवल्या: रात्रपाळी तांबड्या पेन्सिलीने, दिवसपाळी निळ्या. एकादशी, संकष्टी आणि माझी अ‍ॅडमिशन एकाच चौकोनात सुखाने नांदू लागली. महिन्याच्या शेवटी ते बेरीज मांडीत. मी एकदा म्हटले, "नाना, बेरीज कशाला?" ते म्हणाले, "अगं, नोंद ठेवलेली बरी. आमच्या वेळी तुझ्या सासूबाईंच्या रात्रींची कोणी नोंद ठेवली नाही."

हे वाक्य बोलून ते शेंगा सोलू लागले. पुढे तुकड्यातुकड्यांनी ते सगळे बाहेर आले. नाना गाडीत असत त्या रात्री सासूबाई तीन लेकरे आणि अंथरुणाला खिळलेली सासू घेऊन मिरजेच्या दोन खोल्यांत एकट्या असत. एकदा धाकट्याला, म्हणजे माझ्या यजमानांना, घटसर्प झाला. त्यांनी त्याला खांद्यावर टाकून पहाटे तीन वाजता मिशन इस्पितळ गाठले. मिरजेला वानलेससाहेबांचे ते इस्पितळ १८९४ पासून होते म्हणून बरे. नाना तिसऱ्या दिवशी घरी आले तेव्हा मुलगा खाटेवर बसून पेज पीत होता. "माझ्या सर्व्हिस बुकात एकही शेरा नाही," नाना म्हणाले, "एकही गाडी चुकली नाही. ते पुस्तक खरे म्हणजे तिचे."

टपालाची भाषा नानांच्या अंगात इतकी मुरली आहे की आमच्या घरचे निम्मे विनोद तीतूनच निघतात. चुकून भलत्या गावी गेलेल्या पत्राला त्यांच्याकडे 'मिससेंट' म्हणतात. आमची मुलगी शाळेच्या बसमध्ये झोपून पुढच्या थांब्यावर उतरली की तीही मिससेंट. आमच्या घरी 'ओटी' या शब्दाला दोन अर्थ आहेत. मी फोनवर "ओटीत आहे" म्हटले की नाना मुलीला सांगतात, "आई कोणाची तरी ओटी भरते आहे." विचार केला तर ते काही खोटे नाही.

शाळेच्या डायरीत आठवड्यातून दोनदा तरी आईची सही लागते. वडिलांची चालत नाही असे नाही, परंतु डायरीतच छापलेले आहे: 'आईची सही'. माझी सही मिळण्याची वेळ आणि शाळेची वेळ यांचे जमत नाही. तेव्हा नाना सही करू लागले. पण दुसऱ्याच्या जागी नुसती सही ठोकणे हे त्यांच्या चाळीस वर्षांच्या नोकरीला पटेना. त्यांनी वहीच्या त्या इवल्याशा जागेत, आपल्या टपाली वळणाच्या अक्षरात, आधी लिहिले 'आईकरिता', आणि खाली सही केली. साहेब दौऱ्यावर असला म्हणजे हेडक्लार्क जशी करतो तशी. वर्गशिक्षिका कानडी, तिने मुलीला अर्थ विचारला. मुलीने सांगितले, "आई कामावर असली की आजोबा आईचा चार्ज घेतात." आज त्या डायऱ्यांची चळत कपाटात आहे. पालकसभा, लसीकरण, सहल, गॅदरिंग, एकदा दात पडल्याची सूचना: सगळीकडे 'आईकरिता'.

आपल्याकडे या बाबतीत जुने उदाहरण सापडते का, म्हणून मी कधी कधी मागे वळून पाहते. पहिले नाव अर्थात आनंदीबाई जोशी यांचे. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले. वेळेवर उपचार मिळाले असते तर ते वाचते, या जाणिवेतून ती मुलगी वैद्यकीकडे वळली. १८८६ साली फिलाडेल्फियाहून पदवी घेतली. तिचा प्रबंध प्रसूतिशास्त्रावरचा, म्हणजे माझ्याच विषयावरचा. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर तिची नेमणूक ठरली होती, पण त्या जागेवर ती रुजू झालीच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षे पुरी व्हायच्या आत, ती पुण्यात वारली. घर आणि इस्पितळ यांची गाठ तिच्या आयुष्यात पडलीच नाही. दुसरे नाव रखमाबाईंचे. बाळपणी लावलेले लग्न मान्य नाही म्हणून १८८४ पासून चार वर्षे त्यांनी कोर्टात झुंज दिली, मग लंडनला जाऊन १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या, आणि सुरतेत व पुढे राजकोटात स्त्रियांच्या इस्पितळांचा कारभार त्यांनी पाहिला. मुंबईची मराठी बाई, कारकीर्द बहुतेक सारी गुजरातेत, आपल्यासारखीच परमुलखातली नोकरी. पण संसार त्यांनी केला नाही. म्हणजे आमच्या दोन आद्य वैद्यांपैकी एकीला इस्पितळ लाभले नाही आणि दुसरीने घर मांडले नाही. दोन्ही एकत्र कसे करायचे, हे सांगणारे पान आमच्या पोथीत कोरेच राहिले.

नानांना यात निराळेच माणूस दिसते. "गोपाळराव जोशी आमच्या खात्यातले," ते अभिमानाने सांगतात. आणि ते खरे आहे; आनंदीबाईंचे पती टपाल खात्यात कारकून होते. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशा बदल्या त्यांनी पाहिल्या, आणि बायकोच्या शिक्षणाची सोय कुठे लागेल याकडे त्यांची नजर असे. माणूस हट्टी आणि कठोर होता, यात शंका नाही. शिकण्यात हयगय झाली म्हणून त्याने तिला मारल्याचेही आपण वाचतो. मी हे नानांना म्हटले. ते बराच वेळ गप्प राहिले. "दांडी धरणाराचा हात प्रेमळच असतो असे नाही," एवढेच शेवटी बोलले. तराजूची गोष्ट मी त्यांना सांगितली होती.

तासांचा हिशेब नानांना फार आवडतो म्हणून मी त्यांना एकदा आमच्या निवासी डॉक्टरांचे नियम वाचून दाखवले. १९९२ साली केंद्र सरकारने ठरवले, की निवासी डॉक्टरला सामान्यतः दिवसाला बारा आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काम असू नये. ते कागदावर राहिले. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिगटाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याचा विचार करून शिफारस केली, की आठवड्याला चौऱ्याहत्तर तासांहून अधिक नको, सलग चोवीस तासांहून अधिक नको, आणि एक दिवस सुटी हवी. नानांनी चष्मा काढला. "बत्तीस वर्षांत अठ्ठेचाळीसचे चौऱ्याहत्तर! आमच्या खात्यात महागाईभत्ता वाढे, तुमच्याकडे तास वाढतात." हसण्यावारी नेले तरी त्यातले गणित खरे आहे. माझ्या हाताखालच्या मुलामुलींना मी पाहते: लग्ने ठरतात आणि पुढे ढकलली जातात, आईवडील गावी आजारी असतात आणि येथे दुसऱ्यांच्या आईवडिलांची नाडी हातात असते. त्यांना दोष कसा द्यायचा, आणि सोडायचे तरी कसे? रात्री बाई यायची थांबत नाही.

२०२०च्या साथीविषयी फार लिहीत नाही; प्रत्येक घराकडे तिची आपापली हकीकत आहे. मी दोन आठवडे इस्पितळात काढी, मग काही दिवस एका वेगळ्या खोलीत एकटी राही, आणि घरी शहात्तर वर्षांचे नाना आणि साडेसात वर्षांची मुलगी. नाना संध्याकाळी तिला गच्चीवर नेत, मी खालच्या रस्त्यावर उभी राही. ती वरून ओरडून पाढे म्हणून दाखवी. सातापाशी नेहमी अडखळे. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई, ज्यांना आम्ही सगळे अज्जी म्हणतो, खिडकीतून कानडीत पुढचा आकडा पुरवीत.

यजमानांची बदली दोन वर्षांपूर्वी रांचीस झाली. पतिपत्नी दोघेही सरकारी नोकरीत असतील तर त्यांना एकाच ठिकाणी नेमावे, असे केंद्राचे धोरण १९८६ पासून आहे आणि २००९ साली ते पुन्हा स्पष्ट केले गेले. एक केंद्राचा आणि दुसरा राज्याचा नोकर असला तरी ते लागू पडते. नानांनी स्वतः अर्जाचा मसुदा केला, परिपत्रकाच्या तारखेसह. उत्तर आले. त्यात 'शक्यतो' हा शब्द होता. या अंकाच्या वाचकांना त्या शब्दाचे निराळे विवरण नको. आपल्यापैकी कित्येकांच्या मुलांच्या शाळा या एका क्रियाविशेषणाने ठरवल्या आहेत.

तेव्हापासून घरात आम्ही तिघे: मी, मुलगी आणि नाना. खरे म्हणजे मुलगी आणि नाना, आणि जाऊनयेऊन मी.

गेल्या श्रावणात एका मंगळवारी मी रात्रपाळीहून आले. टेबलावर चहा झाकून ठेवलेला होता, आणि बशीखाली घडी घातलेला एक कागद. वर लिहिले होते: 'प्रति, डॉक्टरीणबाई यांस. विषय: रजा मिळण्याबाबत.' मी हसतच उघडला. आत नानांच्या अक्षरात मजकूर होता, तो असा: अर्जदार अकरा वर्षे येथे सेवेत आहे. या काळात त्याने रजा घेतलेली नाही. अर्जित रजा नियमाप्रमाणे तीनशे दिवसांच्या वर साठत नाही, तेव्हा बाकीची बुडाली असे समजण्यास हरकत नाही. अर्जदाराचे वडील बंधू, वय शहाऐंशी, मिरजेस एकटे आहेत. त्यांना संध्याकाळी बोलायला कोणी नाही. अर्जदारासही येथे मराठीत बोलायला दोनच माणसे आहेत, त्यांपैकी एक शाळेत आणि एक इस्पितळात असते. कृष्णेचा घाट पाहण्याची इच्छा आहे. प्रकृतिमान पाहता अर्ज फार काळ प्रलंबित ठेवू नये. नात आता मोठी झाली आहे. मंजुरी द्यावी, ही विनंती.

खाली सही होती. या खेपेस तिच्यावर 'करिता' नव्हते.

मी तो कागद दोनदा वाचला. चहा निवला. नाना देवळात गेले होते. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांच्या वेळचे काडु मल्लेश्वराचे देऊळ हे त्यांचे इकडचे मिरज. तिथे पायरीवर बसले की आपण अगदीच परमुलखात नाही असे वाटते, असे ते म्हणत. अकरा वर्षांत त्यांनी मिरजेचे नाव तक्रार म्हणून एकदाही काढले नव्हते.

मंजुरी देणारी मी कोण? पण तोल कशावर उभा होता ते त्या कागदाने इतके स्वच्छ मांडले की त्यानंतर काही दिवस मी वॉर्डात हिंडताना प्रत्येकीच्या पाठीमागचे माणूस शोधीत होते. पाळीवर आलेल्या नर्सचे मूल कोणाजवळ आहे? रात्री झाडणाऱ्या आयाबाईच्या घरी दार कोण लावते? बहुतेक ठिकाणी एक म्हातारी निघाली. दोन ठिकाणी थोरली मुलगी निघाली, शाळा सोडलेली. ही इस्पितळे सरकारच्या पैशावर चालतात असे अंदाजपत्रकात लिहिलेले असते. त्यात या बायकांचे खाते नाही.

रात्रपाळीची नसलेली जागा मागण्याचा एक मार्ग होता. त्यात गैर काही नाही. परंतु माझ्या सुटलेल्या रात्री हवेत विरून जात नाहीत. त्या आमच्याच युनिटमधल्या दुसऱ्या बाईच्या कालनिर्णयावर चढतात, आणि तिच्या घरी नाना नाहीत, हे मला माहीत आहे. शिवाय, हेही लिहिले पाहिजे, मला ते काम आवडते. पहाटे चारला, सगळे निवल्यावर, कोपऱ्यातल्या खाटेवर नवी आई आपल्या बाळाची बोटे मोजते. प्रत्येकजण मोजते. ते पाहण्याची जागा मला सोडायची नव्हती. कर्तव्य म्हणून मी राहते असे म्हटले तर ते ऐकायला बरे वाटेल, पण ते पूर्ण खरे नाही.

शेवटी असे ठरले. सोमवार तसाच ठेवायचा. मध्ये येणारी जादा रात्र एका सहकारिणीने घेतली, तिच्या दोन रविवार-सकाळी मी घेतल्या. रविवारी अज्जींची मुलगी घरी असते. सोमवारी रात्री अज्जी स्वतः वर येऊन झोपतील. त्यांचे वय अडुसष्ट. पैशाचे नाव काढताच त्या रागावल्या. म्हणजे मी एका म्हाताऱ्या हातातून दांडी काढली आणि दुसऱ्या म्हाताऱ्या हातात दिली. यजमान रांचीहून फोनवर म्हणाले, "मी राजीनामा देऊ का?" ते खरोखरच विचारीत होते. मुलीच्या शिक्षणाचे आणि घराच्या कर्जाचे आकडे आम्ही दोघांनी मांडले, आणि तो विषय पुढल्या वर्षावर गेला.

नानांनी एकच अट घातली: कार्तिकातली शेंगांची जत्रा पाहून जाईन. बसवनगुडीच्या नंदीपुढे कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी शेंगांचे ढीग पडतात. शेतकरी हंगामाच्या पहिल्या शेंगा घेऊन येतात. सोमवार म्हणजे माझी अ‍ॅडमिशन, त्यामुळे इतकी वर्षे बंगळूरात राहून मी ती जत्रा पाहिलेली नाही. आजोबा आणि नात दर वर्षी जात. या वर्षीही ती दोघे गेली, आणि मंगळवारी मी आले तेव्हा घरभर टरफले होती.

गुरुवारी रात्री राणी चेन्नम्मा एक्स्प्रेसवर त्यांना पोहोचवायला गेलो. गाडी सुटायला अवकाश होता. नाना फलाटावर हातगाडीवरच्या टपालाच्या थैल्या पाहत उभे राहिले. एका थैलीची गाठ त्यांना पसंत पडली नाही, आणि त्यांनी ती त्या पोऱ्याला सोडून पुन्हा बांधायला लावली. पोरगा कानडी, नाना मराठी. गाठ दोघांनाही समजली. मग त्यांनी मुलीला जवळ घेतले आणि सांगितले, "तांबडी पेन्सिल माझ्या कपाटात वरच्या खणात आहे. डिसेंबरच्या ड्यूट्या अजून चढवायच्या राहिल्यात." मला म्हणाले, "सोमवारी रात्री नऊला फोन करीन. तू ओटीत असलीस तर उचलू नकोस. पोरगी उचलील."

पुढच्या सोमवारी कोलारकडून आकडीची एक बाई आली आणि मागोमाग जुळ्यांची दुसरी. दोघी सुखरूप आहेत. मंगळवारी घरी पोहोचायला मला बारा वाजले. किल्ली अज्जींजवळ होती. मुलगी शाळेत गेली होती. टेबलावर तिची डायरी उघडी, सहलीची सूचना चिकटवलेल्या पानावर. 'आईची सही' या शब्दांपुढची जागा कोरी होती, आणि समासात पेन्सिलीने लिहिले होते: "आई, उद्या दिलीस तरी चालेल. मी बाईंना सांगितले आहे."